सदतिसावा प्रश्न

परीक्षेत पहिला आलेला माणूस आपला पेपर पुन्हा बघायला कशाला येईल?

नोव्हेंबरातल्या त्या ओल्या मंगळवारी हातातल्या यादीकडे बघत मी हाच विचार करत होते. मी आसावरी. न्यू जर्सीतल्या एका काउंटीच्या परीक्षा विभागात काम करते. कुठल्या काउंटीच्या ते सांगत नाही, तशी सही करून दिलेली आहे. काउंटीच्या नोकरीत ज्यांना बढती हवी असते, त्यांची लेखी परीक्षा आम्ही घेतो. रस्ते, पार्क, पाणी, लायब्ररी... सगळ्यांची. शंभर प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. ज्याला जास्त मार्क, त्याला जागा. दोघांना सारखे पडले तरच कोणाची नोकरी जुनी ते बघायचं. निकाल पटला नाही, तर आमच्या ऑफिसात येऊन पंचेचाळीस मिनिटं आपला पेपर बघता येतो आणि हरकत नोंदवता येते.

त्या खोलीत पहाऱ्याला बसणं माझं काम नव्हतं. मी प्रश्न तयार करते. पण नेहमीची बाई फ्लूने घरी होती, म्हणून माझ्या बॉसने, पॅटने, मला बसवलं. यादीत एकच नाव होतं. देवदत्त रेठरेकर, पाणीपुरवठा खातं, सुपरवायझरची परीक्षा. मार्क अठ्ठ्याऐंशी. क्रमांक पहिला.

तो आला तो निथळतच. नारिंगी जॅकेट, चिखलाचे बूट. कार्पेटवर उमटलेले ठसे बघून त्याने आधी कार्पेटलाच सॉरी म्हटलं. मग माझ्या गळ्यातला बिल्ला वाचला.

"आसावरी... तुम्ही मराठी?"

"या खोलीत बोलायला परवानगी नाही," मी इंग्लिशमध्ये सांगितलं.

"कुठल्या भाषेत?" त्याने मराठीत विचारलं.

मला हसू आलं. ते मी खोकल्यात लपवलं.

त्याने फोन दिला, पेन दिलं, आमची पेन्सिल घेतली. पेपर उघडून नेमका एका पानावर थांबला, दोन मिनिटांत वाचून झालं, आणि मग नुसता बसून राहिला. कधी काचेवरून घसरणारं पाणी बघत, कधी... मी मान खाली घालून हजेरीचं पान भरत होते. एका नावाचं हजेरीचं पान भरायला किती वेळ लागतो? मी पुन्हा पुन्हा भरत होते.

वेळ संपली तशी त्याने फॉर्म दिला, मान झुकवली आणि गेला. दार लागल्यावर मी वाचलं. दोनच ओळी होत्या.

'प्रश्न ३७. माझं उत्तर चुकीचं आहे, तरी मला त्याचा मार्क मिळाला आहे. कृपया तो काढून घ्यावा.'

मी पुन्हा वाचलं. सहा वर्षांत मार्क मागणारे शेकड्यांनी पाहिले होते. परत करणारा पहिलाच.

आणि सदतिसावा प्रश्न माझा होता. मी लिहिलेला.

'रस्त्याखालचा मोठा पाइप फुटला आहे. पाणी रस्त्यावर येत आहे. सुपरवायझरने सर्वांत आधी काय करावे?' बरोबर उत्तर 'अ' — दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह ताबडतोब पूर्ण बंद करावेत. 'क' मध्ये मी लिहिलं होतं, व्हॉल्व्ह थोडे उघडे ठेवून खणायला सुरुवात करावी. तो पर्याय मी मुद्दाम घातला होता, धांदरट माणूस पकडायला. मला तो प्रश्न फार आवडायचा.

मी निकालाचा कागद काढला. दुसरा नंबर लोरेटा या बाईंचा. मार्क सत्याऐंशी, वय अठ्ठावन्न, पाइपांच्या कामात सत्तावीस वर्षं. परीक्षेची ही चौथी खेप. सदतिसाव्याला त्यांनी लिहिलं होतं 'क'.

म्हणजे या माणसाचा एक मार्क गेला, तर दोघांचे सत्याऐंशी होणार. आणि बरोबरी झाली की जुनी नोकरी जिंकणार. त्याला जागा नको होती का? कोणी धमकावलं असेल? जबाबदारीची भीती? की त्या बाईवर याचं... छे, अठ्ठावन्न! रात्री भांडी घासतानासुद्धा माझं डोकं त्यातच होतं. त्या निथळत्या चेहऱ्यातही होतं, पण ते मी स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हते.

रविवारी पार्सिपनीला बाबांकडे गेले. बाबा, गुरुनाथ, नागपूरला पाटबंधारे खात्यात अकरा वर्षं होते. नोटीस बोर्डावर ज्येष्ठता यादी लागायची. वरच्या खुर्चीतला रिटायर झाल्याशिवाय खालचा हलायचा नाही, मग वरचा काम करो नाही तर दिवसभर पेपर वाचो. शेवटी बाबांनी नोकरी सोडली आणि आम्ही इकडे आलो. परीक्षेवरचा माझा विश्वास त्यांच्याकडून आलेला.

"बाबा," मी नाव-गाव न सांगता विचारलं, "पहिला आलेला माणूस स्वतःहून मागे का सरकेल?"

"मूर्ख असेल," बाबा म्हणाले. मग पोह्यांचा घास घेता घेता थांबले. "किंवा त्याला असं काहीतरी माहीत असेल, जे परीक्षा घेणाऱ्याला माहीत नाही."

माझं पोह्यांवर लिंबू पिळायचं राहूनच गेलं.

पुढच्या शनिवारी मी एडिसनला, ओक ट्री रोडवर किराणा घ्यायला गेले होते. दुपारी डोसा खायला शिरले तर ही गर्दी. वेटरने न विचारताच मला एका टेबलावर नेऊन बसवलं, आणि समोर... नारिंगी जॅकेट नव्हतं, निळा स्वेटर होता. पण तोच.

"अरे! कार्पेट वाळलं का?"

"तुमचं अपील चालू आहे," मी पर्स उचलली. "मला तुमच्याशी बोलता येत नाही."

"मग नका बोलू. बसा तरी. दुसरं टेबल कुठेय?" खरंच नव्हतं. "आणि ऐकणं अलाउड आहे?"

मी विचार केला. "ऐकण्याबद्दल नियमात काही नाहीये."

"ग्रेट. मी माझ्या ताकाशी बोलतो. तुम्ही डोसा मागवा."

त्याने ताकाचा ग्लास पुढे ओढला, नळी त्यात बुडवली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने ग्लासाला सांगायला लागला. "हे बघ बाबा ताका, ही नळी म्हणजे आमचा पाइप. फुटलेला. आणि तू म्हणजे खड्ड्यातलं घाण पाणी. आता पाइपात प्रेशर आहे." त्याने फुंकर मारली. ताकात बुडबुडे आले. शेजारच्या टेबलावरची छोटी मुलगी खिदळली. "बघितलंस? जोवर आतून बाहेर जोर आहे, तोवर तू आत येऊ शकत नाहीस. आता कोणीतरी शहाणा येतो आणि व्हॉल्व्ह एकदम बंद करतो." तो फुंकायचा थांबला. पांढरं ताक सरसर नळीत चढलं. "गेलास आत! आता तू लोकांच्या किचनमध्ये. दोन दिवस सगळ्यांनी पाणी उकळून प्या."

मी नळीकडे बघतच राहिले.

"म्हणून आधी व्हॉल्व्ह नुसता आवळायचा. धार कमी करायची, तोडायची नाही. पाइपाच्या खालपर्यंत खणायचं, पाणी उपसायचं आणि मगच बंद करायचं. हे मला लोरेटाने शिकवलं, सात वर्षांपूर्वी. तो प्रश्न ज्याने लिहिला ना, त्याने आयुष्यात एक खड्डा पाहिलेला नाहीये, यार."

डोशाचा तुकडा माझ्या घशात अडकला. त्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. मी प्याले. कान तापले होते.

"तुम्हाला माहीत होतं, तर 'अ' का लिहिलंत?" तोंडातून निघून गेलं.

"बोललात!"

"नाही. मी ताकाला विचारलं."

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त बारीक होतो. मग हसू ओसरलं. "कारण पेपरला काय हवंय ते मला कळतं. कराडच्या शाळेपासून मी तेवढंच शिकलोय. जुन्या मॅन्युअलमध्ये 'अ' आहे, म्हणजे पेपरात 'अ' असणार. लोरेटाला पाइपाला काय हवंय ते कळतं. परीक्षा झाल्यावर पार्किंगमध्ये ती म्हणाली, मी 'क' लिहिलं. निकाल लागला तसा मी कराडला आईला फोन केला, आई, मी जिंकलो. आईने लगेच लग्नाच्या बायोडेटात 'सुपरवायझर' टाकलंसुद्धा. आणि मला जेवण जाईना."

"म्हणजे त्या सीनिअर आहेत म्हणून..."

"नाही, नाही!" त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "बसमध्ये सीट देतात तशी जागा नाही द्यायची मला तिला. सत्तावीस वर्षं झाली म्हणून नुसता बसून राहिलेला माणूसही आहे आमच्याकडे, त्याला कोणी जागा द्यावी असं मला वाटत नाही. पण तिचं उत्तर बरोबर आहे. मला तेवढंच कागदावर हवंय."

ही झाली त्याची सगळी भानगड. मूर्ख नव्हता. घाबरट तर नव्हताच.

मी उठले. बिल दिलं, फक्त माझं. नियम.

"एक विचारू?" तो म्हणाला. "उत्तर नका देऊ. त्या दिवशी प्रश्न वाचायला मला दोन मिनिटं लागली. उरलेली त्रेचाळीस मी काय बघत होतो असं तुम्हाला वाटतं?"

मी किराण्याच्या पिशव्या उचलल्या आणि दाराकडे वळले.

सोमवारी पॅटला सगळं सांगितलं. भेट योगायोगाने झाली, काय ऐकलं, मी एक प्रश्न विचारला तोही. तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "निर्णय मी घेईन. तू फक्त तुझा प्रश्न बरोबर आहे की नाही ते शोध."

मी शोधलं. ज्या मॅन्युअलवरून प्रश्न लिहिला, ते तीस वर्षांपूर्वीचं निघालं. नव्या आवृत्तीत तो परिच्छेद बदललेला. दुसऱ्या तीन गावांच्या पाणी खात्यांना फोन केले. दोघांनी सांगितलं, 'एकदम बंद? कधीच नाही.' तिसऱ्याने विचारलं, 'हे तुम्हाला कोणी शिकवलं?'

मग पॅटनेच परवानगी काढली. एखादा पाइप फुटला तर मी जाऊन बघायचं. परीक्षेबद्दल कोणाशी एक शब्द बोलायचा नाही.

पाइप फुटला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी आठ वाजता. बारीक, गारठलेला पाऊस पडत होता. रस्त्यावर पाण्याचा लोट, आणि त्याच्या कडेला एक बुटकी, रुंद बाई उभी. माणसाच्या उंचीची लोखंडी किल्ली जमिनीतल्या व्हॉल्व्हवर लावून ती ओठांतल्या ओठांत फेरे मोजत होती. एकोणीस... वीस... एकवीस. थांबली. जमिनीला कान लावावा तशी वाकली. पाव फेरा उलटा फिरवला. आणि धार बसली. तुटली नाही, नुसती शांत झाली. पलीकडच्या शाळेच्या नळांना अजून पाणी होतं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं. हे परीक्षेबद्दल नव्हतं.

"पाणी धावतंय तोवर नाही, हनी," लोरेटा म्हणाल्या. "थांबलं की वाटते."

देवदत्त खड्ड्यात होता, गुडघाभर चिखलात. वर बघितलं आणि मी दिसले तसा फावडं धरून तो उभाच राहिला. मला दिलेलं हेल्मेट मोठं होतं, सारखं डोळ्यांवर येत होतं. तो वर चढला, हातमोजे काढले, एक शब्द न बोलता माझ्या मागे आला आणि हेल्मेटची मागची चकती फिरवून घट्ट केली. त्याची थंडगार बोटं माझ्या मानेवरच्या केसांना लागली. दोन सेकंद... तीन असतील. मग तो पुन्हा खाली उतरला.

परत येताना गाडीचा हीटर बंदच होता, हे मला ऑफिसात पोचल्यावर कळलं.

त्या शुक्रवारी पॅटने मला बोलावलं. तिच्याकडे तोडगा होता. "दोन्ही उत्तरं मान्य करू. दोघांचे अठ्ठ्याऐंशी. बरोबरी. मग लोरेटा सीनिअर, तिला जागा. तो खूश, ती खूश. आणि आपली चूक झाली असं कुठे लिहावं लागत नाही." थोडं थांबून ती हळू म्हणाली, "तुझं नाव सीनिअर ॲनालिस्टसाठी गेलंय, आसावरी. चुकीची उत्तरसूची नावावर असली तर या वर्षी होणार नाही."

मी वेळ मागितला. बाथरूममध्ये जाऊन चेहरा धुतला. मला ती जागा हवी होती, अगदी मनापासून हवी होती. सहा वर्षं घासली होती मी. आणि सगळ्यांना हवं ते मिळतच होतं की! लोरेटांना जागा मिळणार, हरकत घेणारा समाधानी... 

पण तो समाधानी नसता झाला. आणि सत्तावीस वर्षं अचूक फेरे मोजणाऱ्या बाईच्या कागदावर कायमचं राहिलं असतं, नोकरी जुनी म्हणून मिळाली. नागपूरच्या नोटीस बोर्डावर असायचं तसं.

"दोन्ही उत्तरं बरोबर नाहीत," मी पॅटला सांगितलं. "'अ' चूक आहे. 'क' बरोबर आहे. लोरेटांना अठ्ठ्याऐंशी, त्याला सत्याऐंशी. त्या पहिल्या आल्या, कारण त्यांना येत होतं. चूक माझी आहे, तसं मी लिहून देते."

पॅटने हातातलं पेन खाली ठेवलं. मग कागद माझ्याकडे सरकवला.

लोरेटांना जागा मिळाली. प्रत्येक पेपर छापण्याआधी प्रत्यक्ष काम करणाऱ्या दोन माणसांना वाचायला द्यायचा, असा नियमही झाला. माझी बढती गेली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी नवा असलेला सुशांत सीनिअर ॲनालिस्ट झाला. त्याचं रेकॉर्ड स्वच्छ होतं, म्हणजे गुणवत्तेने बरोबरच. मी टाळ्या वाजवल्या. त्याने आणलेला केक मात्र मी तसाच टेबलावर ठेवून दिला. 'मी तुझ्याआधी आले होते' हे वाक्य माझ्याही मनात येऊ शकतं, हे त्या दिवशी कळलं, आणि ज्येष्ठता यादीतल्या माणसांचा मला पूर्वीइतका राग येईनासा झाला.

निकालावर पुन्हा अपील करायची मुदत जानेवारीअखेर संपली. दुसऱ्या दिवशी नऊ वाजून एक मिनिटाने ऑफिसचा फोन वाजला.

"नमस्कार. माझं कुठलंही अपील चालू नाहीये," पलीकडून आवाज आला. "आता बोलता येतं का?"

रविवारी आम्ही रॅरिटन नदीकाठच्या पार्कमध्ये भेटलो. काठावर बर्फाची पातळ साय धरली होती आणि जाडजूड बदकं त्यावरून घसरत चालली होती. आम्ही बोलायची एवढी वाट बघितलेली, आणि पहिली पाच मिनिटं आम्ही बदकंच मोजली.

"वाईट वाटलं का?" शेवटी मीच विचारलं. "खरं सांगा."

"वाटलं ना." तो खिशात हात घालून चालत होता. "असं वाटलं होतं की मोठ्या मनाने हसेन वगैरे. निकाल आला तेव्हा गाडीत अर्धा तास बसून होतो. लोरेटाला काँग्रॅट्स म्हणताना आवाज निघेना. ती म्हणाली, रड बेटा, मी तीन वेळा याच पार्किंगमध्ये रडलेय. आता माझी बॉस आहे ती. आजची ड्यूटी तिनेच बदलून दिली. म्हणाली, त्या हेल्मेटवाल्या मुलीला फोन केलास की नाही?"

मी थांबले. आता सांगितलं नसतं, तर कधीच सांगता आलं नसतं.

"देवदत्त... तो प्रश्न मी लिहिला होता."

तोही थांबला.

"ज्याने आयुष्यात एक खड्डा पाहिला नाही, ती मी."

त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "मी तुमच्यासमोर... डोसा खाताना... ओ गॉड. आणि तुम्ही तुमचंच उत्तर चुकीचं ठरवलंत? त्याचं काही... तुम्हाला काही झालं का त्यामुळे?"

"बढती गेली. वर्षभरासाठी."

मला वाटलं सॉरी म्हणेल. तसं म्हणाला असता तर मला राग आला असता. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं — हसू नाही, थट्टा नाही — काहीतरी शोधत असल्यासारखं, आणि ते सापडल्यासारखं.

"मला तुमच्याबद्दल खूप कुतूहल होतं," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून. मला वाटलं, मार्क का परत केला ते कळलं की संपेल. ते कळलं... आणि संपलं नाही. वाढलंच. सकाळी पाइप फुटल्याची बातमी लागली की वाटतं, जेवला असेल का हा? डावा डोळा असा का होतो हसताना? कराडला घरी आईशिवाय कोण आहे? हे सगळं... हे नुसतं कुतूहल नाहीये, असं मला वाटायला लागलंय."

"मग काय आहे?" त्याने अगदी हळू विचारलं.

"तुम्हाला माहितीये."

"माहितीये. पण ऐकायचंय."

मी सांगितलं. मोठ्याने नाही, बदकांनाही ऐकू गेलं नसेल. त्याने ऐकलं, डोळे मिटले, आणि दोन्ही हात खिशातून बाहेर काढले. एक माझ्यापुढे धरला.

"चल," तो म्हणाला.

'चला' नाही. 'चल.'

मी हात दिला.